पंचविशीच्या आतली मोटार

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. पण त्याच नावाच्या राज्याचा पश्चिमेकडचा भाग शेतांचा, द्राक्षमळ्यांचा आणि लांबोळक्या तळ्यांचा आहे. तिथले वॉटकिन्स ग्लेन हे गाव बफेलोहून अडीच तासांवर. जायला मोटार हवी, आणि बफेलोत शिकणाऱ्या माझ्या २२ वर्षांच्या भाच्याजवळ ती नव्हती. तेव्हा आम्ही मोटारी भाड्याने देणाऱ्या एका दुकानात गेलो.

तिथल्या बाईंनी त्याचा परवाना न्याहाळला आणि गोड हसून सांगितले, पंचविशीच्या आतल्या चालकाला दिवसाकाठी २५ डॉलर जादा! मी चालवणार असेन तर मात्र एक पैसाही जादा नाही. तीन हिवाळे मित्रांच्या मोटारी बर्फातून हाकलणारा तो, आणि जन्मभर पुण्यात रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणारा मी!

"मामा, तुमच्या टकलाला इथे भाव आहे," भाचा पुटपुटला. हसला खरा, पण कान लाल झाले होते.

"अहो, पैसे भरून टाका. मोटार तोच चालवील," सौभाग्यवतींनी निकाल दिला.

दुकानदाराचीही बाजू आहेच. तरुणांच्या हातून अपघात अधिक होतात, हे विमेवाल्यांचे म्हणणे खोटे नाही. शिवाय भाडेकऱ्याने केलेल्या अपघाताची भरपाई २००५ पर्यंत न्यूयॉर्कात मोटारीच्या मालकाच्याही गळ्यात पडत असे. गंमत अशी की, याच राज्यात १८ वर्षांच्या माणसाला केवळ वयावरून मोटार नाकारता येत नाही. इतरत्र बहुधा एकविशीची वाट पाहावी लागते. नाकारायचे नाही, पण जादा आकार घ्यायचा! वर्गाच्या सरासरीवरून एकट्या विद्यार्थ्याला गुण देण्यासारखेच हे. आम्हा मास्तरांना असे करून चालले नसते.

आणि आम्ही निघालो होतो कुठे, तर मोटारींच्या शर्यतींच्या गावाला! १९६१ ते १९८० अमेरिकेची ग्रां प्री इथे होत असे. ब्राझीलच्या एमर्सन फिटिपाल्डीने आयुष्यातली पहिली ग्रां प्री १९७० साली इथेच जिंकली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. "म्हणजे त्यालाही २५ डॉलर पडले असते!" भाचा खुलला.

गावात शिरताना मी त्याला दुसरी हकीकत सांगितली. १९४८ साली शर्यती सुरू झाल्या त्या या फ्रँकलिन रस्त्यावरूनच. १९५२ साली कडेने शर्यत पाहणारा सात वर्षांचा मुलगा मोटारीच्या अपघातात गेला, आणि शर्यती गावाबाहेर गेल्या. भाचा काही बोलला नाही. वेग मात्र त्याने आपण होऊन कमी केला.

गावाच्या रस्त्यालगतच ती प्रसिद्ध घळ सुरू होते. १९ धबधबे, ८०० वर दगडी पायऱ्या. एका धबधब्याच्या तर मागून वाट जाते. पाठीवर तुषार झेलत आम्ही वर चढलो, आणि माझ्या गुडघ्यांनी माझे वय बिनचूक सांगितले.

परतताना सेनेका तळ्याच्या काठाने भाचा संथपणे मोटार नेत होता. एरवी मोटारीत डोळा न मिटणाऱ्या सौभाग्यवती जिनिव्हा गाव येईपर्यंत मागे गाढ झोपल्या होत्या.