रांजणवाडी नव्हे, गार

आत्याच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली, तेव्हा घरात कुणाला प्रश्नच पडला नाही. रांजणवाडी! आमच्याकडे पापणीवर काहीही उगवलं की त्याचं नाव हेच. शेजारच्या काकूंनी सहाणेवर लवंग उगाळून दिली. ती लावून आत्या अर्धा तास डोळ्यांतून पाणी गाळत बसली. सोन्याची अंगठी तळहातावर घासायची आणि गरमगरम टेकवायची, हेही आठवडाभर चाललं. गाठ मात्र होती तिथेच, वाटाण्याएवढी. आणि दुखत अजिबात नव्हती.

खरं तर तिथेच आम्ही थबकायला हवं होतं. रांजणवाडी ठणकते. पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होतो, जागा लाल होते, पिकते, फुटते आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत विषय संपतो. आत्याची गाठ महिना झाला तरी ढिम्म.

साताऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली. "ही रांजणवाडी नाही, चॅलेझिऑन आहे. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे," त्या म्हणाल्या. वरच्या पापणीत तीस-चाळीस बारीक तेलग्रंथी ओळीने उभ्या असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. त्यांचं तेल अश्रूंवर तवंगासारखं पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं, की तेल आत साचतं आणि त्याभोवती गाठ धरते. चॅलेझिऑन या ग्रीक शब्दाचा अर्थ बारीकशी गार.

"म्हणजे भर उन्हाळ्यात माझ्या डोळ्यात गारा पडल्या!" आत्या म्हणाली.

उपाय सांगितला तो अगदीच घरगुती. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा. मग बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज. दाबून फोडायची नाही. बऱ्याच गाठी एवढ्यावर विरतात. आत्याने सहा आठवडे इमानाने शेकलं, पण तिची विरली नाही.

मग छोटी शस्त्रक्रिया. मी बाहेर बाकावर, आत्या आत; जेमतेम पंधरा मिनिटं. सगळ्यांत जास्त दुखलं ते पापणी बधिर करायचं इंजेक्शन, असं ती सांगते. गोल कड्याच्या चिमट्यात गाठ धरून पापणी उलटतात आणि आतल्या बाजूने उभा छेद देतात. शेजारच्या ग्रंथी उभ्या असल्याने त्या वाचतात आणि बाहेर व्रण दिसत नाही. इवल्याशा चमच्याने आतला बुळबुळीत ऐवज खरवडला. टाका नाही, संध्याकाळपर्यंत पट्टी. डॉक्टरांनी एक मात्र बजावलं: पुन्हा त्याच जागी गाठ आली किंवा तिथले पापणीचे केस गळू लागले, तर लवंग उगाळत बसू नका. तेलग्रंथीचा कर्करोग क्वचित हेच सोंग घेतो, तेव्हा तुकडा तपासावाच लागतो.

निघता निघता त्यांनी आत्याच्या नाकाजवळच्या पिवळट चट्ट्यांवर बोट ठेवलं. दोन्ही वरच्या पापण्यांच्या कोपऱ्यांत ते कित्येक वर्षं होते. आम्ही वयावर ढकललेले. हा झँथेलाझ्मा, कातडीखाली साठलेलं कोलेस्टेरॉल. मोनालिसाच्या डाव्या डोळ्यापाशीही तो असल्याचं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे. चट्ट्यांनी डोळ्याला काही होत नाही, आणि चट्टे असलेल्या जवळपास निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच निघतं. तरीही कोपनहेगनमध्ये १२,७४५ लोकांवर १९७० च्या दशकापासून ठेवलेल्या नोंदींत असे चट्टे असणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका जास्त प्रमाणात आलेला दिसला. म्हणून रक्त तपासायला सांगितलं.

आत्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ निघालं; जास्तच. चट्टे लेझरने किंवा कापून काढता येतात, पण पुन्हा उगवू शकतात, म्हणून तिने ते तसेच ठेवलेत. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र रोज रात्री जेवणानंतर न चुकता घेते.