ठिपका एकाच रेणूचा कशावरून?

एकेक रेणू पाहतो असं आम्ही या क्षेत्रातले लोक सहज बोलून जातो, पण पडद्यावर असतो तो फक्त एक अंधूक ठिपका. रेणू जेमतेम नॅनोमीटरभर आणि ठिपका दोनशे-अडीचशे नॅनोमीटरचा. प्रकाशाची ही मर्यादा आबे यांनी १८७३मध्येच दाखवून दिली होती. मग हा ठिपका एकाच रेणूचा कशावरून, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर मला चित्रात सापडत नाही, ते उजेडाच्या आलेखात सापडतं. लेसरखाली रेणूंचा पुंजका असेल तर उजेड हळूहळू उतरतो. एकटा रेणू मात्र मध्येच लुकलुकतो आणि शेवटी एका झटक्यात विझतो; अर्धवट विझणं त्याला जमतच नाही. दोन रेणू एकदम विझले तर, असं कुणी म्हणेल. तसं क्वचित घडू शकतं, म्हणून आणखी कडक कसोटी आहे: एकटा रेणू एका वेळी एकच फोटॉन सोडतो, त्यामुळे शेजारशेजारचे दोन शोधक त्याची नोंद एकाच क्षणी करत नाहीत. मोर्नर आणि काडोर यांनी १९८९मध्ये अतिथंड स्फटिकातला पेंटासीनचा एकटा रेणू ओळखला, तोही त्याने शोषलेल्या प्रकाशावरून. चित्र त्यांच्याकडेही नव्हतंच.

एवढा खटाटोप कशाला, अब्जावधी रेणूंची सरासरी पुरत नाही का, असा आक्षेप रसायनशास्त्रातले जाणकारही घेतात. वेग मोजायचा असेल तर पुरते. पण मायोसिन-५ हे प्रथिन पेशीतल्या तंतूवरून चालतं कसं, हे सरासरी सांगूच शकत नाही. त्याचे दोन्ही पाय सुरवंटासारखे सरकत असतील, तर एका पायाला लावलेला रंग दर खेपेला ३७ नॅनोमीटर पुढे जाईल. पाय आळीपाळीने पडत असतील, तर एकदा ७४ आणि एकदा शून्य. सरासरी दोन्हीकडे सारखीच! इलिनॉयमधल्या गटाने २००३मध्ये हजारो फोटॉन गोळा करून ठिपक्याचा मध्य दीड नॅनोमीटरपर्यंत अचूक काढला, तेव्हा उड्या ७४च्या निघाल्या. ठिपका पसरट असला तरी त्याचा मध्य पसरट नसतो, ही सारी किमया त्यातली.

रंग चिकटवल्याने, काचेवर बांधल्याने रेणूचं वागणं बदलतं, हा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. एकेकट्या रेणूंच्या नोंदींची सरासरी परीक्षानळीतल्या वेगाशी जुळली नाही, तर ती मोजणी मी ग्राह्य धरत नाही.