पियानोला पावसाळा सोसत नाही

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरातलं सामान एकदा नीट बघावं. बहुतेक सगळं सुटं होणारं असतं. पलंग पान्याने खोलता येतो, कपाटाच्या फळ्या निघतात, सोफ्याचा रात्री पलंग होतो. भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा हात आखडतो. ‘आणखी दोन वर्षं, मग परत’ हे आम्ही हॅम्बुर्गला आल्यापासून म्हणतोय. दरम्यान लेक इथल्या शाळेत जर्मन कविता पाठ करायला लागली, बायको भर थंडीत सायकलवरून भाजी आणायला लागली, पण सामानाचा नियम काही बदलला नाही. आवरून नेता येईल किंवा मागे टाकून जाताना जीव हळहळणार नाही, असंच घ्यायचं.

त्यामुळे लेकीच्या पियानोच्या बाईंनी ‘आता हिला ग्रँड लागेल’ असं सांगितलं, तेव्हा घरात पैशांआधी मुक्कामाचीच चर्चा झाली.

बाईंचं म्हणणं रास्त होतं. भिंतीला लावून ठेवायच्या उभ्या पियानोत हातोडी समोरच्या तारेवर जाऊन आपटते आणि स्प्रिंगच्या मदतीने मागे येते. ग्रँडमध्ये तारा आडव्या असतात. हातोडी खालून वर उडते आणि आपल्याच वजनाने खाली पडते. शिवाय पॅरिसच्या सेबास्तिएन एरार या कारागिराने 1821 मध्ये अशी जोडणी शोधून काढली, की पट्टी पुरती वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येतो. जलद वाजवणाऱ्या बोटांना हा फरक लगेच कळतो. मला कळत नव्हता. लेकीने बाईंच्या घरी दोन्हींवर एकच तुकडा वाजवून दाखवला, मग वाद घालायला जागाच उरली नाही.

नवा घेण्याचा प्रश्न नव्हता. किंमत विचारली आणि विषय तिथेच मिटला. जुने मात्र इथे उदंड आहेत. जर्मन मध्यमवर्गीय घरात एके काळी पियानो असायचाच. आता ती पिढी वृद्धाश्रमात जाते, मुलांच्या फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि जाहिराती लागतात: फुकट, फक्त घेऊन जा. या फुकटात मोठी ग्यानबाची मेख आहे. पियानो उचलायला माणसं लागतात, त्यांची मजुरी आपण द्यायची. तो घरी आला की तारा, फेल्ट, खुंट्या यांचा खर्च सुरू. आणि दुरुस्त होत नाही म्हणून टाकायचा म्हटलं, तर टाकायलाही पैसे पडतात.

हे शहरही असं, की पियानोचा विषय निघाला की कुणीतरी स्टाइनवेचं नाव काढतंच. इथल्या बारेनफेल्ड भागात त्यांचा कारखाना आहे. मला त्या कंपनीत रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. हाइनरिश श्टाइनवेग हा हार्त्स डोंगराच्या बाजूचा सुतार-कारागीर. 1850 मध्ये तो बायकोमुलांसह याच हॅम्बुर्ग बंदरातून ‘हेलेन स्लोमान’ नावाच्या आगबोटीने न्यूयॉर्कला गेला. तिथे 1853 मध्ये त्याने मुलांबरोबर कंपनी काढली आणि पुढे आडनावाचं स्टाइनवे केलं. थोरला मुलगा मात्र जर्मनीतच राहून पियानो बनवत राहिला. बाप गेल्यावर, 1880 मध्ये, मुलांनी हॅम्बुर्गला कारखाना काढला. परत आले ते असे, धंदा घेऊन. (1853 हे सालही कमालीचं. त्याच वर्षी बर्लिनला बेश्टाइन आणि लाइपझिशला ब्ल्यूटनर सुरू झाले, आणि आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली.)

आम्ही बघितलेल्या पियानोंपैकी मनात भरला तो एक जुना ब्ल्यूटनर, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. आल्स्टर तलावाजवळच्या एका जुन्या घरात, खिडकीपासून लांब, काळाभोर. घरच्या आजीबाई आधी आमच्याकडे नाही, लेकीच्या नखांकडे बघत होत्या. कापलेली दिसली तेव्हा झाकण उघडलं. ब्ल्यूटनरची एक खासियत आहे. वरच्या सप्तकांत प्रत्येक सुराला तीनऐवजी चार तारा. चौथीला हातोडी लागतच नाही, ती नुसती बाकीच्यांबरोबर झंकारते. म्हणजे आपल्या सतारीच्या, सारंगीच्या तरफाच म्हणायच्या. 1873 मध्ये त्यांनी याचं पेटंट घेतलं होतं. लेकीने वरचे दोन सूर दाबले आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. ही नजर मी साड्यांच्या दुकानात ओळखतो.

पण आम्ही सोबत एक ट्यूनर नेला होता. जुना ग्रँड बघायला जाताना हा खर्च वाचवू नये, एवढं मी कुणालाही सांगेन. माणूस पासष्टीचा, कमी बोलणारा. त्याने वाजवलं काहीच नाही. कोट काढला, बॅटरी घेतली आणि सरळ पियानोखाली उताणा झोपला. ग्रँडच्या पोटाला स्प्रूस लाकडाची मोठी पातळ फळी असते, तारांचा आवाज ती मोठा करते. त्या फळीला एक लांब भेग होती. मला धस्स झालं. तो म्हणाला, भेगेचं काही नाही, खालच्या पट्ट्या सुटल्या नाहीत ना ते बघायचं. मग वर येऊन त्याने हातोड्या तपासल्या. तारेवर आपटून आपटून फेल्टला खोल चरे पडले होते, एका कोपऱ्यात कसर लागली होती. पट्ट्या हस्तिदंताच्या होत्या. ते ओळखायची खूण त्याने लेकीला दाखवली: पांढऱ्या पट्टीवर काळ्या पट्ट्यांच्या टोकाशी केसाएवढी आडवी रेघ असते, कारण हस्तिदंताचे दोन तुकडे तिथे जोडलेले असतात. प्लास्टिकला ती रेघ नसते.

शेवटी त्याने किल्ली काढली. प्रत्येक तार एका पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते आणि ती खुंटी लाकडात नुसती घट्ट ठोकलेली असते. तारा दोनशेच्या वर, आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. हा सगळा ताण त्या लाकडाने खुंट्यांना धरलेल्या पकडीवर. त्याने किल्ली लावून एक खुंटी जरा फिरवली, दुसरी, तिसरी. मग माझ्या हातात किल्ली दिली. खुंटी लोण्यातून फिरावी तशी फिरली. लाकडाची पकड गेली होती. आज सुरात लावा, महिन्यात उतरणार.

त्याच संध्याकाळी रत्नागिरीला फोन झाला. बाबा झाडगावात राहतात, भजनाला पेटीची साथ करतात, आणि जुनी पेटी घेताना त्यांना विचारल्याशिवाय आमच्या आळीत कुणी घेत नाही. त्यांची तपासणीही अशीच चालते. आधी भाता दाबून धरायचा, हवा कुठे फुसफुसते ते ऐकायचं, मग एकेक पट्टी, आणि मग मुख्य प्रश्न: सूर कुठले? जर्मन, पॅरिस, की पालिताण्याचे? त्यांनी मलाही तेच विचारलं.

“बाबा, याला सूर नसतात. तारा असतात.”

“म्हणजे गंजणार.”

“इथे नाही गंजत.”

“इथे म्हणजे तुझ्या इथे. परत आलात की काय करणार आहेस त्याचं? आणि काळी पाचला कसा वाजतो ते बघितलंस का?”

काळी पाचचं सोडा, पण गंजाचा मुद्दा मी दुसऱ्या दिवशी ट्यूनरला विचारलाच. समजा, आम्ही भारतात परत गेलो तर? त्याने गावाचं नाव विचारलं, फोनवर रत्नागिरीचं हवामान काढलं, जुलैतली आर्द्रता बघितली आणि शीळ घातली. पियानोला 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. हॅम्बुर्गचे लोक आपल्या पावसाचं फार कौतुक करतात, पण वर्षाकाठी तो आठशे मिलिमीटरही होत नाही. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. त्या हवेत फळी फुगते, मग ऑक्टोबरच्या उन्हात आकसते. फेल्ट ओलं होऊन पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो, सरस सुटतो. वर हस्तिदंत असेल तर भारतात आयातीलाच बंदी. गोव्यातल्या जुन्या घरांत पियानो आहेत, मुंबईत फुर्टाडोज 1865 पासून वाद्यं विकतंय, गरम देशांसाठी सरसाबरोबर स्क्रूने आवळलेले खास पियानोही पूर्वी बनत. पण त्यांची देखभाल हा नेमाने करायचा उद्योग आहे. सड्यावरच्या आमच्या घरात, जिथे जूनमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे बारमाही वातानुकूलित खोली कोण बांधणार?

पेटीचं तसं नाही. तीही युरोपातलीच. 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये देबँ याने हार्मोनियम केला, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याचे पायाचे भाते काढून हाताचा भाता लावला, आणि ती मांडीशी आली. सूर पितळेचे, हवेवर वाजणारे. पावसात पट्ट्या फुगतात, भात्याला बुरशी येते, पण गणपतीत पुसून घेतली की आरतीला उभी. बाबांच्या पेटीतले जर्मन सूर कोकणातले किती पावसाळे बघून बसलेत कुणास ठाऊक. इकडून तिकडे गेलेलं जर्मन पितळ खुशाल नांदलं; जर्मन लाकूड नांदणार नाही.

हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मोकळं वाटलं. कोणताच पियानो परत नेता येणार नसेल, तर परत जायचा विचार ठेवून पियानो निवडण्यात अर्थच नव्हता. इथे, या घरात, या मुलीला कोणता बरा, एवढंच उरलं. आमच्या घरात एखाद्या वस्तूबद्दल असा विचार पहिल्यांदाच झाला असेल.

तसा विचार केल्यावर उत्तर जरा नीरस आलं: 1980 च्या दशकातला यामाहा. चौकटीवरच्या क्रमांकावरून साल लागलं. लांबी 186 सेंटिमीटर, वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, खुंट्या घट्ट, हातोड्यांत थोडं आयुष्य शिल्लक. बायको अजून ब्ल्यूटनरबद्दल उसासे टाकते. तिला मी यामाहाची गोष्ट सांगून बघितली. तोराकुसु यामाहाने 1887 मध्ये हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन, म्हणजे पेटीचाच भाऊबंद, दुरुस्त केला. मग स्वतः एक बनवून, कावडीला बांधून, सोबत्याबरोबर हाकोनेचा घाट ओलांडून टोकियोच्या संगीत संस्थेत दाखवायला नेला. तिथे सूर जुळलेले नाहीत असा शेरा मिळाला, तर सुरांचं शास्त्र शिकायला महिनाभर तिथेच राहिला. गोष्ट तिला आवडली. पियानोबद्दलचं मत बदललं नाही.

बाकी सोपस्कार जर्मन पद्धतीने झाले. घरमालकाची लेखी परवानगी, कारण इमारत जुनी आणि मजला लाकडी तुळयांचा. पियानो भिंतीकडे, तुळयांना आडवा ठेवायचा. मग शेजारी. इथे 2018 मध्ये एका ट्रम्पेटवाल्याचा खटला पार कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ढोबळ प्रमाण सांगितलं: घरात वाजवायला कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी एक ते दोन, दुपारची आणि रात्रीची शांतता पाळून. खालच्या बाईंना आम्ही करंज्या घेऊन भेटलो. त्यांनी करंज्या घेतल्या आणि शांततेच्या वेळांचा छापील कागद हातात ठेवला.

आणायला तीनच माणसं आली. तिन्ही पाय आणि पेडल काढले, पियानो सरळ बाजूवर उभा केला, घोंगड्यांत गुंडाळला, पट्टे खांद्याला लावले आणि काही न बोलता जिना चढले. आपल्याकडे एवढ्या कामाला निदान वीस जण सूचना द्यायला जमले असते. आता महिनाभर तसाच ठेवायचा, इथल्या हवेला सरावला की जुळवून घ्यायचा.

जागेसाठी पलंग होणारा सोफा मात्र द्यावा लागला. आंबा संपला की जूनमध्ये आई-बाबा येतायत, तीन महिन्यांसाठी, आणि तेच त्यांचं अंथरूण होतं. आईने फोनवर हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आम्ही काय पियानोवर झोपू?” मागून बाबांचा आवाज आला, “मी खाली गादी टाकतो. रात्री वाजवायला बंदीच आहे ना तुमच्याकडे?”