धागा : सात सह्या आणि १८६० सालचा एक कायदा

१/
या मालिकेत आजवर किल्ले झाले, घाटवाटा झाल्या, लेणी झाली. आजचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल : विद्यार्थ्यांनी संस्था काढायची, नोंदवायची आणि चालवायची म्हणजे नेमके काय करायचे? परंतु महाड-पोलादपूरच्या आम्हा सात विद्यार्थ्यांनी ज्या कायद्याखाली आपले इतिहासमंडळ नोंदवले, त्याच कायद्याखाली १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा नोंदवली गेली होती. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

२/
हा कायदा म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. त्या वर्षीचा एकविसावा. मुंबई विद्यापीठ तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते. मूळ नमुना इंग्लंडमधील १८५४ च्या कायद्याचा. त्याचे सूत्र सोपे आहे. साहित्य, शास्त्र किंवा धर्मादाय अशा हेतूने एकत्र आलेल्या किमान सात व्यक्तींनी विधानपत्रावर सह्या कराव्यात, नियमावलीची प्रत जोडावी आणि ती निबंधकाकडे दाखल करावी. एवढे झाले की माणसांपलीकडचे काहीतरी अस्तित्वात येते.

३/
विद्यार्थी मात्र या कायद्यासाठी थांबले नव्हते. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत प्रा. पॅटन यांच्या प्रेरणेने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधी, कायद्याच्या बारा वर्षे आधी. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. निबंध वाचणे, त्यावर वाद घालणे एवढ्यावर ही मुले थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि शिकवण्याचे काम स्वतःच अंगावर घेतले. तरुण दादाभाई नौरोजी त्यांत होते. विद्यार्थ्यांची संघटना म्हणजे नुसते स्नेहसंमेलन, असे मानणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

४/
आम्हाला नोंदणीची गरज का पडली, ते सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये महाड बुडाले. सावित्री आणि गांधारीचे पाणी घराघरांत शिरले, तळमजल्यांवरचे सारे चिखलात गेले. त्यात किती घरांतले जुने कागद लगदा झाले, याची मोजदाद कोणी केली नाही, करणार तरी कोण? त्याच पावसात तळियेवर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. पुढे महाविद्यालयात गेल्यावर आम्ही काही मित्रमैत्रिणींनी ठरवले, की वाड्यावस्त्यांवर उरलेले मोडी कागद पाहायचे, त्यांची छायाचित्रे घ्यायची, जमल्यास वाचायचे.

५/
पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत एका आजोबांनी ट्रंक उघडली. वाटणीपत्रे, फारकती, देवळाच्या जमिनीचे काही कागद. पाहू दिले, हातात दिले नाहीत. म्हणाले, “पोरांनो, कागद न्याल ते कुनाच्या नावावर? तुमची परीक्षा झाली की तुम्ही जाल पनवेलला न् मुंबईला. मंग मी कुनाला इचारायचं?”

६/
या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. विद्यार्थी संघटनेचे मूळ दुखणे हेच : तिचे सभासद तीन वर्षांत निघून जातात. ते जाण्यासाठीच आलेले असतात.

७/
रचना समजून घ्यावी. विद्यापीठ कायद्याने घडवलेली विद्यार्थी परिषद असते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात तिचे स्वतंत्र कलम आहे. महाविद्यालयातली वाङ्मय मंडळे, इतिहास मंडळे प्राचार्यांच्या परवानगीने, एखाद्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालतात. त्यांना वेगळी नोंदणी लागत नाही, पण त्यांचे अस्तित्वही महाविद्यालयाच्या फाटकाशी संपते. वाडीतल्या ट्रंकेला जबाबदार राहायचे, तर तिसरी वाट उरते : स्वतंत्र नोंदणीकृत संस्था. महाराष्ट्रात तिच्यासाठी दोन कायदे ओलांडावे लागतात. १८६० चा कायदा, आणि त्याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. रायगड जिल्ह्याचे हे काम अलिबागला चालते. पोलादपूरहून अलिबाग म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस.

८/
सर्वांत अवघड गेले ते सात जण ठरवणे. सभेला पंचवीस येत, पण शासकीय कागदावर सही म्हटल्यावर बाक रिकामे होऊ लागले. एकाला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने होते, त्याच्यासाठी थांबलो. एका मैत्रिणीच्या वडिलांनी विचारले, “लग्नानंतर हिचं नाव बदललं, तर तुमचा कागद परत करायचा का?” प्रश्न हास्यास्पद नव्हता, नियमावलीत त्याचे उत्तर घालावे लागले. (ती सही झाली. आज तीच आमची चिटणीस आहे.) आणि आणखी एक गोष्ट, जी कोणी उघड बोलत नव्हते. आमच्या भागात सात आडनावे एकाखाली एक लिहिली, की वाचणारा आधी गाव वाचतो आणि मग जात. यादीत कोण आहे याहून कोण नाही, हे लवकर दिसते. आमची पहिली यादी तीन गावांची आणि एकाच आळीची होती. ती आम्ही बाजूला ठेवली आणि महिनाभर पुन्हा हिंडलो.

९/
इथे महाडचा इतिहास आठवणे भाग आहे. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, चिटणीस सीताराम शिवतरकर. सभेचे पहिले मोठे काम विद्यार्थ्यांसाठीच होते : जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह. ज्यांच्यासाठी ही सभा होती त्यांना गावच्या पाणवठ्यावरही जागा नव्हती. अशा वेळी घटना, पदाधिकारी, नोंदणी हा सारा पसारा मांडण्यात एक ठाम विधान आहे, असे मला वाटते. कागदावर आम्हीही सात जण आहोत, आणि तो कागद सरकारने घेतला आहे.

१०/
महाडमध्ये चवदार तळे नगरपालिकेने ठरावाने सर्वांना खुले केले होते. पण तो ठराव कागदावरच राहिला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे अशा मंडळींच्या खटपटीने मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० मार्चला लोक तळ्यावर गेले. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. त्याआधीच विरोधकांनी दिवाणी दावा लावला होता. तो संस्थेवर नव्हता, माणसांवर होता. प्रतिवादींत आंबेडकर आणि शिवतरकर होते. उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. जवळजवळ दहा वर्षे! या काळात तारखांना हजर राहणे, कागद सांभाळणे, वर्गणी गोळा करणे ही कामे कोणीतरी करीत राहिले. पाठ्यपुस्तकांत तळ्याची ओंजळ येते, पावतीपुस्तक येत नाही.

११/
जाता जाता एक फाटा. ‘नोंदणी’ ही इंग्रजांची देणगी, असे कोणी म्हणाले तर त्याला नाशिकच्या लेण्यांत न्यावे. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे नमूद आहे : दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर खर्च. आणि हे सारे निगमसभेत वाचून दाखवले गेले, फलकावर रीतसर नोंदले गेले. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे विधानपत्र दगडात आहे, म्हणून पुरात गेले नाही.

१२/
१८६० च्या कायद्यातली दोन कलमे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावीत. एकोणिसाव्या कलमाने मूळ कायद्यात एक रुपया शुल्क भरून दाखल झालेले कागद पाहण्याचा हक्क कोणालाही दिला. एखाद्या जुन्या संस्थेचा शोध घेताना हा दरवाजा विसरू नये. चौदावे कलम म्हणते, की संस्था विसर्जित झाली तरी तिची शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटता येणार नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाईल. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या कलमात सापडले. उरलेले अर्धे आम्ही नियमावलीत लिहिले : मूळ कागद घराबाहेर न्यायचा नाही, छायाचित्राची एक प्रत घरमालकाला द्यायची, आणि प्रत्येक प्रतीची नोंद वहीत दोन सह्यांनी करायची.

१३/
नोंदवणे हे महिन्यांचे काम, चालवणे मात्र कायमचे. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. विद्यार्थ्यांच्या संस्थेत पदाधिकारी बदलतातच, त्यामुळे हा अर्ज आमच्याकडे सणासारखा येतो. त्यासाठी सभेची सूचना हवी, इतिवृत्त हवे, जुन्याचा राजीनामा हवा आणि नव्याची संमती हवी. वर्षाचा हिशेब तपासून द्यावा लागतो, मग त्यात झेरॉक्स आणि एसटीचे भाडे यांखेरीज काही असो वा नसो. अनेक तरुण संस्था भांडणाने मरत नाहीत. बदल अर्ज न भरल्याने मरतात. खाते ज्या दोघांच्या सहीने चालते त्यांतला एक पुण्यात, दुसरी परीक्षेत, आणि नव्यांची नावे कागदावर आलेलीच नसतात. म्हणून आम्ही नियम केला : दरवर्षी निम्मेच पदाधिकारी बदलायचे, आणि त्यांतला एक तरी प्रथम वर्षाचा असायचा.

१४/
पावसाळ्यानंतर आम्ही नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेऊन त्या वाडीत पुन्हा गेलो. आजोबांनी चष्मा लावून सातही नावे वाचली. दोघांची गावे विचारली, एकीच्या आजोळची ओळख काढली. मग ट्रंक ओट्यावर आणली. त्या दिवशी एकतीस कागदांची छायाचित्रे झाली. त्यांतल्या एका फारकतीवर साक्षीदारांची नावे आहेत आणि सही न येणाऱ्यांची निशाणी म्हणून नांगर काढलेला आहे. पुढील धागा त्या कागदावर.