कळलावीची झालर

भाद्रपद लागला की भोरहून वरंधा घाटाकडे जाताना कुंपणांवर कळलावी पेटलेली दिसते. पानाच्या टोकाचा आकडा करायचा, मिळेल ती फांदी धरायची आणि वर चढायचं, ही तिची रीत. फूल खाली मान घालतं, पण सहाही पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे जातात. बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लाल आणि कडेला नागमोडी. या कडांनी मला विणकामातलं फार काही शिकवलं.

पाकळीची कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढली, की तिला सपाट राहायला जागा उरत नाही. मग ती वरखाली लहरत जाते. क्रोशाच्या सुईवर हेच घडतं. गोल रुमालाच्या पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६ असे वाढवत गेलं, की रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली तर त्याची वाटी होते. आणि चौथ्या फेरीत ४८ ऐवजी प्रत्येक खांबात दोन घालून ७२ केले, की कड आपसूक लहरू लागते. दाईना तैमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भूमितीतली अवघड वक्र प्रतलं अशीच, फेरीफेरीला टाके वाढवत, क्रोशानं विणली. आमच्याकडे बाळाच्या टोपड्याला झालर लावणाऱ्या आज्यांच्या बोटांना तो हिशेब ठाऊक होताच. मी पिवळ्या लोकरीवर टोपडं सुरू करते, झालरीला लाल घेते, आणि कळलावी उमटते.

दारातली तगर निराळा धडा देते. तिच्या पाचही पाकळ्या एकाच दिशेला कललेल्या, भिंगरीगत. सुयांवर हा कल वेणीच्या विणीतून येतो. दोन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे धरले, पलीकडचे दोन आधी विणले आणि मग हे विणले, की वेणी डावीकडे झुकते. मागे धरले तर उजवीकडे. तगर विणायची तर एक बाजू ठरवायची आणि शेवटपर्यंत ती सोडायची नाही. एक पाकळी उलटी कलली तरी भिंगरी थांबते.

रायरेश्वराच्या पठारावर सोनकी फुलते तेव्हा मात्र एकेक फूल पाहून भागत नाही. हिरव्यावर पिवळं कुठे दाट, कुठे विरळ, हे पाहायचं. दोन रंगांच्या विणीत न वापरलेला धागा मागून चालत असतो. पिवळे ठिपके फार लांब लांब पडले, तर मागे धाग्याचे लांब फास लोंबतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. म्हणून पठार जसंच्या तसं उतरवायचं नाही. दाट जागी ठिपके विणायचे. विरळ जागी हिरवं अंग सलग विणून, पिवळे टाके नंतर सुईनं वरून भरायचे.

वेल्ह्याकडे तोरण्याच्या उतारावरची कारवी सात वर्षांनी फुलते. तिच्या जांभळ्या रंगाची लोकर दुकानात कधीही मिळेल. पण तो बहर एकदा डोळे भरून पाहिल्याशिवाय त्या रंगाशेजारी कोणता हिरवा ठेवायचा, हे कळत नाही.

नमुन्यांच्या पुस्तकांत गुलाब आणि डेझी भरपूर असतात. कळलावी, सोनकी, कारवी मला त्यांत दिसल्या नाहीत. त्या आपल्याच लेकीसुनांनी विणायला हव्यात; आपल्या डोंगरांवर काय फुलतं, हे अंगावर घेऊन वाढणारं मूल ते सहसा विसरत नाही. येत्या पावसाळ्यात वही-पेन्सिल घेऊन निघा. फूल वेलीवरच राहू द्या. पाकळ्या मोजा, कड बघा, कल बघा, आणि घरी येऊन टाके घाला.