दुसरी गोळी

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पंधराएक किलोमीटरांवर कानोता लागते. एक लहानसा किल्ला, जवळच एक बांध, हिवाळ्यात मोहरीने पिवळी पडणारी शेते, एवढेच ह्या गावाचे दृश्यरूप. जयपूर संस्थानातील अनेक ठिकाण्यांपैकी हे एक, आणि त्यांतलेही फार मोठे नव्हे. तथापि आधुनिक भारताचा इतिहास आणि आत्मपर वाङ्मय ह्यांच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. ह्या घराण्यातील अमरसिंह (१८७८–१९४२) ह्यांनी १८९८पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. घोडदळातला हा अधिकारी चीनमध्ये गेला, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होता, पोलो खेळला, भाल्याने रानडुकरे मारली, बंदुकीने शिकार केली. आणि दिवस मावळला की लिहावयास बसला. लॉइड आणि सुझन रुडॉल्फ ह्या अमेरिकन दांपत्याने कानोत्याच्या मोहनसिंह ह्यांच्या सहकार्याने ह्या रोजनिशीच्या आरंभीच्या वर्षांचे संपादन केले, आणि २०००च्या सुमारास ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

ह्याच घरात दुसरा एक लेखक झाला. अमरसिंहांचे धाकटे बंधू कर्नल केसरीसिंह हे आधी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या आणि पुढे जयपूरच्या शिकारखात्याचे जाणकार अधिकारी. वाघांच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९५९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाच्या शीर्षकातच ‘एक माणूस आणि एक हजार वाघ’ असा हिशेब आहे. एका भावाचे ८९ खंड आणि दुसऱ्याचे हजार वाघ! ह्या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो: शिकाऱ्याच्या मागे नेमके काय उरते?

ह्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः शिकारकथांत शोधले जाते. वस्तुतः ते हत्यारातही शोधता येते, कारण हत्यार हे त्याच्या धन्याच्या मनाचा नकाशाच असते. हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांचे आवडते हत्यार म्हणजे विलायती दोनाली रायफल. लंडनच्या कारागिराने धन्याच्या हाताची आणि खांद्याची मापे घेऊन ती घडवावयाची, दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड निवडावयाचे, पोलादावर नक्षी कोरावयाची. ह्याउलट अमेरिकेतील शेतकरी, गुराखी किंवा लाकूडतोड्या हरणाच्या शिकारीला जी घेऊन निघे, ती लिव्हरची रायफल दुकानाच्या फळीवरून उचललेली असे. जॉन ब्राउनिंगने आराखडा केलेला विंचेस्टरचा १८९४चा नमुना हे तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप होय. वजन सुमारे तीन किलो, अंग चपटे, खोगिराला सहज अडकवता येईल अशी. हा नमुना सत्तर लाखांहून अधिक संख्येने विकला गेला. एकीकडे वंशाची मिरास, दुसरीकडे कारखान्याचा माल. एकीकडे हाकारे, हत्ती आणि मचाण, दुसरीकडे एकटा माणूस आणि गोठलेले रान.

परंतु हा भेद वरवरचा आहे. दोन्ही हत्यारे एकाच भयातून जन्मली आहेत, आणि ते भय म्हणजे पहिली गोळी चुकेल हे. एकनाळी, एकेका काडतुसाच्या बंदुकीच्या काळात नेम चुकला की शिकारी रिकामा होई. विलायती कारागिराने त्यावर दुसरी नळी हा उपाय काढला. अमेरिकन कारागिराने चापाभोवतीच्या कड्यालाच तरफ केले. हाताची बोटे त्या कड्यात असतातच. ती खाली नेऊन वर आणली की झाडलेल्या काडतुसाची नळकांडी बाहेर उडते, नळीखालच्या दुसऱ्या नळीतून नवे काडतूस वर चढते आणि घोडा मागे ओढला जातो. बंदूक खांद्यावरून उतरवावी लागत नाही, की नजर सावजावरून काढावी लागत नाही. सरावलेल्या हाताला हे सर्व एका श्वासात जमते.

ह्या रचनेत एक अडचण मात्र होती. नळीच्या आकाराच्या त्या कोठीत काडतुसे एकामागे एक आडवी निजतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने स्फोट होण्याचा धोका. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे, आणि बोथट गोळी हवेत लवकर मंदावते. दीडशे यार्डांपलीकडे तिच्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. सॅव्हेजच्या १८९९च्या नमुन्यात फिरती कोठी आणि विंचेस्टरच्या १८९५च्या नमुन्यात पेटीसारखी कोठी वापरून ही अडचण दूर केली गेली. ह्या दुसऱ्या नमुन्याची .४०५ मापाची रायफल थिओडोर रूझवेल्ट १९०९मध्ये आफ्रिकेत सिंहांसाठी घेऊन गेले, आणि हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांनाही ती अपरिचित नव्हती. पण हरणाच्या शिकारीत लोकप्रिय राहिली ती बोथट गोळीचीच. तिच्या उणिवेने शिकाऱ्याला एक शिस्त लावली: जवळ जा. वारा ओळखा, पाचोळ्यावर पाय जपून टाका, आणि सावजाचा डोळा दिसेल इतके जवळ गेल्यावाचून चाप ओढू नका.

दुसऱ्या गोळीचा खरा अर्थ येथे उलगडतो. जुन्या शिकाऱ्यांच्या नीतीत दुसरी गोळी ही दुसऱ्या सावजासाठी नसे. ती पहिल्याच सावजाशी असलेल्या बांधिलकीसाठी असे. जखमी जनावर रानात सोडून येणे हे लांच्छन. रक्ताचा माग काढीत अंधार पडेपर्यंत जावयाचे, उजाडताच पुन्हा निघावयाचे, आणि यातना संपविल्यावाचून घरी परतावयाचे नाही. वाघ किंवा बिबळ्या असेल तर हे कर्तव्य शिकाऱ्याच्या प्राणावरही बेतावयाचे. अमेरिकन खेडूत असो की राजपूत ठाकूर, ह्या एका कसोटीवर दोघांची परीक्षा सारखीच होई. दुसरी गोळी हाताशी आहे म्हणून पहिली बेफिकिरीने झाडणारा माणूस दोघांच्याही लेखी शिकारी नव्हताच.

दुर्दैवाने हत्याराची सोय आणि माणसाची नीती ह्यांची वाढ सारख्या गतीने होत नाही. जी दुसरी गोळी बांधिलकीसाठी होती ती हळूहळू हव्यासाची झाली. मोटारी आल्या, रात्रीच्या शिकारीला प्रखर दिवे आले, पाहुण्यांच्या मानासाठी हाके निघू लागले. आणि सावजाजवळ जाण्याची शिस्त जिथून सुटली तिथूनच मोजदादीचा अभिमान सुरू झाला. १९६१च्या जानेवारीत इंग्लंडची राणी एलिझाबेथ जयपूरची पाहुणी म्हणून आली, तेव्हा सवाई माधोपूरच्या रानात एडिनबरोच्या ड्यूकांनी वाघ मारला. त्या शिकारीच्या व्यवस्थेत फत्तेसिंह राठोड हे वनखात्यातले एक तरुण अधिकारी होते. पुढे ह्याच राठोडांनी ह्याच रणथंभोरच्या रानात वाघाला अभय देण्यासाठी आयुष्य वेचले. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि रणथंभोर त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आले. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी उरलीसुरली शिकारही संपली. जी मर्यादा शिकाऱ्यांनी आपण होऊन पाळावयाची होती, ती अखेर कायद्याला घालावी लागली.

तेव्हापासून भारतातल्या कित्येक घरांत आजोबांची रायफल ही एक विचित्र वस्तू होऊन बसली आहे. तिचा परवाना मुदतीत नवा करावा लागतो. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनांहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. नातू दिवाळीच्या आसपास तिला तेल देतो, नळीतून फडके फिरवितो, घोडा हलकेच चढवून उतरवितो. यंत्र अजून निर्दोष चालते. फक्त ते ज्यासाठी घडले ते कर्म उरलेले नाही. विकावी तर घराण्याची खूण जाते, ठेवावी तर कशाची खूण म्हणून ठेवावयाची हे ठरविता येत नाही. भिंतीवरच्या शिंगांकडे बोट दाखवून मुलगी विचारते, ‘ह्याला का मारले?’ त्यावर ‘त्या काळी तसे असे’ हे उत्तर खरे असूनही पुरे पडत नाही.

ह्या ठिकाणी मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. माडगूळकर बंदूक घेऊन रानात हिंडले आणि नंतर बंदूक खाली ठेवूनही रानात हिंडतच राहिले. ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ ही पुस्तके ज्या नजरेतून आली ती नजर शिकारीनेच कमावलेली होती: वाऱ्याची दिशा, मोडलेली काडी, ओल्या मातीतला खूर. त्यांनी सोडला तो फक्त चाप. सावजाजवळ जाण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही, आणि म्हणूनच त्यांचे लेखन बंदूकधाऱ्यांच्या बढायांहून निराळे राहिले.

कानोत्याच्या दोन भावांचा हिशेब ह्या प्रकाशात पाहावा. केसरीसिंहांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्या पिढीचे रानाविषयीचे ज्ञान आजच्या पर्यटकाला स्वप्नातही येणार नाही, आणि त्यांनी ते लिहून ठेवले म्हणूनच आज त्याचा अदमास करता येतो. पण हजार ह्या आकड्यात एकेका वाघाचा चेहरा हरवतो. ८९ खंडांत मात्र प्रत्येक दिवस आपापल्या नावाने उभा आहे. कंटाळ्याचा, अपमानाचा, घरच्या भांडणाचा, शिकारीचासुद्धा. रोज रात्री घडून गेलेल्या दिवसाच्या मागावर पुन्हा निघावयाचे, तो अर्धवट सोडावयाचा नाही, ही शिस्त शिकाऱ्याच्या त्या जुन्या नीतीशी फार जवळचे नाते सांगते.

आजोबांची रायफल सांभाळणाऱ्या नातवाला बहुधा एवढेच करता येण्याजोगे आहे. तेल देऊन झाल्यावर त्याने मुलीजवळ बसावे, आणि ती शिंगे कोणत्या रानातल्या कोणत्या जनावराची, कोणी मारले, किती गोळ्या लागल्या, ते तत्काळ पडले की दुसऱ्या दिवशी सापडले, ह्यांपैकी जे ठाऊक असेल ते काही न झाकता सांगावे.