वेग भागिले वॅट : जुन्या पॉवरपीसी संगणकांचा धडा



शाळेचं वीजबिल सादिलमधून भरताना हात आखडतोच ना? म्हणून देणगीत जुना संगणक येणार म्हटलं की मी "किती फास्ट?" याआधी "किती वीज खातो?" हे विचारतो. असं का, ते पॉवरपीसीच्या गोष्टीतून बघा.

ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी मिळून पॉवरपीसी प्रोसेसर आणला. १९९४ पासून तो ॲपलच्या मॅक संगणकांत बसू लागला. २००१ मध्ये ॲपलने आपल्या कार्यक्रमात ८६७ मेगाहर्ट्झचा जी४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ यांची फोटोशॉपवर शर्यत लावली. जी४ जिंकला. म्हणजे नुसता मेगाहर्ट्झचा आकडा बघून काम किती होईल ते कळत नाही.

मग जी५ आला. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खप वेगापेक्षा झपाट्याने चढतो. २००५ चा चार कोअरचा पॉवर मॅक जी५ थंड ठेवायला आत द्रव फिरवावा लागे. त्याचा पॉवर सप्लाय १००० वॅटचा! त्याच वर्षीच्या जी४ मॅक मिनीचा ॲडॉप्टर फक्त ८५ वॅटचा. ही कमाल मर्यादा आहे, रोजचा खप नव्हे. पण गणित करून बघा: पूर्ण भारावर पहिला तासाला एक युनिट घेईल, दुसऱ्याला तेवढ्यासाठी जवळजवळ बारा तास लागतील.

जी५ लॅपटॉपमध्ये कधी बसलाच नाही. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी इंटेलकडे जाण्याचं कारण सांगितलं: एका वॅटमागे पॉवरपीसीचं काम १५, तर इंटेलच्या पुढच्या योजनेत ७०.

मग पॉवरपीसी वाईट होता का? नाही हो! नोव्हेंबर २००४ मध्ये जगातला सर्वांत वेगवान ठरलेला आयबीएमचा ब्लू जीन/एल महासंगणक पॉवरपीसी घराण्याचाच. प्रत्येक प्रोसेसर फक्त ७०० मेगाहर्ट्झचा, कमी वीज खाणारा. पण असे हजारो एकत्र.

म्हणून काम भागिले वॅट. पाचवीच्या मुलांनाही जमेल असा भागाकार आहे हा. पुढच्या वेळी संगणक स्वीकारण्याआधी मागचं लेबल वाचा, मुलांकडून महिन्याचे युनिट काढून घ्या. फुकटात आलेलं यंत्र दर महिन्याला बिल मागतं. त्या पैशांत खडू आणि पुस्तकंही येतात.